सव्हॅनाची ट्रिप: भुतं रात्री बघा, पण आधी शहर दिवसा बघा

अमेरिकेत राहणाऱ्यांचं आणि इकडे मुलांकडे सहा महिने आलेल्या आईबाबांचं नायगारा, वेगास, डिस्नी असं सगळं उरकलं की "आता कुठे?" हा प्रश्न येतोच, त्यावर माझं ठरलेलं उत्तर म्हणजे जॉर्जिया राज्यातलं सव्हॅना. जुनी घरं, रस्त्यावर कमान करणारे प्रचंड ओक, नदी, आणि वर भुतांची ख्याती. अमेरिकेतल्या झपाटलेल्या शहरांची कुठलीही यादी उघडा, सव्हॅनाचं नाव वरच असतं. होतं काय की लोक शुक्रवारी संध्याकाळी पोचतात, त्याच रात्री घोस्ट टूर करतात, शनिवारी खाऊन-पिऊन फोटो काढून परत. मग आल्यावर म्हणतात, ठीक होतं, पण भूत काही दिसलं नाही. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा करा. आधी दिवसा शहर पायी बघा, कोण कुठे कधी मेलं ते नीट समजून घ्या, मग रात्री टूरवर जा, म्हणजे गाईड कुठे खरं सांगतोय आणि कुठे फोडणी देतोय ते तुमचं तुम्हाला कळतं आणि मजा दुप्पट होते.

तीन रात्री ठेवा. दोनमध्येही होतं पण धावपळ होते.

तारखा आणि पोचायचं कसं

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. वसंतात अझेलियाची झाडं फुललेली असतात, फोटोवाल्यांनी तेव्हाच जावं. फक्त १७ मार्चच्या आसपासचा आठवडा टाळा, सेंट पॅट्रिक डेची परेड इथे १८२४ पासून निघतेय आणि त्या दिवसात हॉटेलचे भाव आणि गर्दी दोन्ही हाताबाहेर जातात (हिरवे कपडे घालून नाचायलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी). जून ते सप्टेंबर घामाच्या धारा आणि दुपारी अचानक पाऊस. जून ते नोव्हेंबर हा हरिकेनचाही सीझन, त्यामुळे बुकिंग कॅन्सल करता येणारंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

अटलांटाहून आय-१६ ने साधारण २५० मैल, चार तास, रस्ता इतका सरळ आणि कंटाळवाणा की ड्रायव्हरशी बोलत राहायला कुणीतरी जागं पाहिजे. विमानतळ गावापासून जवळ आहे. ॲमट्रॅकनेही जाता येतं, पण स्टेशन डाउनटाउनच्या बाहेर आहे, तिथून उबर करावी लागते.

राहायचं कुठे

इथे कंजुषी करू नका असं मी स्पष्ट सांगेन. हायवेलगत पूलरला चेन हॉटेलं स्वस्त मिळतात, पण मग रोज गाडी काढा, पार्किंग शोधा, रात्री टूर संपल्यावर परत ड्राइव्ह करा. हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये राहिलात की गाडी एकदा गॅरेजमध्ये टाकली ती समुद्रकाठच्या टायबी बेटाला जाताना काढायची. मधे दमलात तर 'डॉट' नावाची फुकट शटल बस आहे, आणि नदीपलीकडे जायला फेरीबोटही फुकट आहे, संध्याकाळी तीत बसून नुसतं पलीकडे जाऊन परत या, आईबाबांना फार आवडतं.

झपाटलेल्या हॉटेलातच राहायचंय का? मग ब्रॉटन स्ट्रीटवरचं मार्शल हाउस. १८५१ चं हॉटेल, यादवी युद्धात तिथे सैनिकांचं हॉस्पिटल होतं, आणि १९९० च्या दशकात दुरुस्ती करताना फळ्यांखाली हाडं सापडली होती. लहान मुलं बरोबर असतील तर ही माहिती चेकआउट झाल्यावर द्या. आणखी एक, जुन्या वाड्यांमध्ये काढलेल्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये बऱ्याचदा लिफ्ट नसते, गुडघ्यांचा त्रास असणारं कुणी बरोबर असेल तर फोन करून तळमजल्याची खोली मागून घ्या.

नकाशा डोक्यात बसवा, पाच मिनिटांचं काम आहे

जेम्स ओगलथॉर्प १२ फेब्रुवारी १७३३ ला लोकांना घेऊन इथे नदीकाठच्या उंचवट्यावर उतरला आणि त्याने गाव आखून वसवलं. मधे एक मोकळा चौक, उत्तर-दक्षिणेला राहती घरं, पूर्व-पश्चिमेला चर्च वगैरे सार्वजनिक इमारतींसाठी मोठे प्लॉट, झाला एक वॉर्ड. असे वॉर्ड एकाला एक जोडत गाव वाढत गेलं. असे एकूण २४ चौक झाले, त्यातले २२ अजून आहेत. म्हणजे तुम्ही कुठेही असा, दोनतीन मिनिटं चाललं की झाडांची सावली आणि बसायला बाक मिळतो, अशी सोय अमेरिकेत फार कमी गावांत आहे.

बुल स्ट्रीट हा मधला कणा, पत्त्यातलं ईस्ट आणि वेस्ट तिथूनच सुरू होतं. रस्ता चुकलात तर बुल स्ट्रीट गाठा आणि नदी कुठल्या बाजूला ते विचारा, बस.

हे सगळं टिकलं कसं त्याचीही गोष्ट आहे. १९५४ मध्ये एलिस स्क्वेअरमधला जुना बाजार पाडून तिथे पार्किंग गॅरेज बांधलं, गाव हळहळलं, आणि पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस हे १८२० चं घरही जाणार म्हटल्यावर सात बायकांनी एकत्र येऊन ते वाचवलं, त्यातून हिस्टॉरिक सव्हॅना फाउंडेशन उभी राहिली. एलिस स्क्वेअर २०१० मध्ये परत मोकळा झाला, गॅरेज आता जमिनीखाली आहे. गाडी तिथेच लावा.

पहिला दिवस: बुल स्ट्रीट, नदीपासून दक्षिणेकडे

सकाळी साडेआठला निघा, टूरच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत. अंतर जेमतेम मैलभर आहे, पण थांबत थांबत गेलात तर जेवणापर्यंतचा वेळ जातो, जाऊ द्या.

जॉन्सन स्क्वेअर हा सगळ्यात जुना चौक. मधला उंच खांब म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातला जनरल नथॅनियल ग्रीन. गंमत अशी की स्मारकाचा दगड १८२५ मध्ये बसवला, पण ग्रीनचे अवशेष कुठे आहेत ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. शेवटी १९०१ मध्ये कलोनियल पार्कच्या कबरस्तानात दुसऱ्याच एका कुटुंबाच्या तळघरात सापडले आणि मग इथे आणून पुरले.

राइट स्क्वेअरला जरा जास्त वेळ थांबा. इथे टोमोचिची पुरलेला आहे, इथल्या मूळच्या यामाक्रॉ लोकांचा प्रमुख, ज्याच्या संमतीने ओगलथॉर्पला गाव वसवता आलं. १७३९ मध्ये तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने चौकाच्या मध्यभागी पुरलं, ओगलथॉर्पने स्वतः खांदा दिला. पुढे १८८३ मध्ये रेल्वेवाल्या गॉर्डनचं भलंमोठं स्मारक बरोबर त्याच जागेवर उभं केलं! हे बरं झालं नाही असं खुद्द गॉर्डनच्या सुनेलाच वाटलं आणि तिच्या पुढाकाराने १८९९ मध्ये कोपऱ्यात टोमोचिचीसाठी ग्रॅनाइटची मोठी शिळा बसवली. आधी ती शिळा बघा, मग मधलं स्मारक बघा.

याच चौकातली रात्रीची गोष्ट ॲलिस रायलीची. आयर्लंडहून आलेली बांधील नोकर, मालकाच्या खुनाबद्दल १७३५ मध्ये तिला फाशी दिली, जॉर्जियात फाशी गेलेली पहिली बाई. हे नोंदीत आहे. ती अजून चौकात फिरते आणि तिच्यामुळे इथल्या झाडांवर स्पॅनिश मॉस (गावभर फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा) धरत नाही, हे गाईडचं. मान वर करून बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

चिपेवा स्क्वेअरला ओगलथॉर्पचा पुतळा आहे, तोंड दक्षिणेकडे, कारण तेव्हा फ्लोरिडात स्पॅनिश होते आणि लक्ष त्यांच्यावर ठेवायचं होतं. इथे सगळे एक बाक शोधत असतात, बसस्टॉपवर चॉकलेटचा डबा मांडीवर घेऊन गोष्ट सांगणाऱ्या 'फॉरेस्ट गंप' सिनेमातल्या हिरोचा. शोधू नका. तो शूटिंगपुरता ठेवला होता, आता सव्हॅना हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

मॅडिसन स्क्वेअरला दोन घरं आहेत. ग्रीन-मेलड्रिम हाउसमध्ये डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन उतरला होता, अटलांटापासून जाळपोळ करत आला पण हे गाव त्याने जाळलं नाही, उलट लिंकनला तार केली की ख्रिसमसची भेट म्हणून सव्हॅना घ्या, सोबत सुमारे २५,००० गाठी कापूस. दुसरं सॉरेल-वीड हाउस, इथल्या भुतांच्या धंद्याचं मुख्य ठाणं. सॉरेलची बायको १८६० मध्ये वरून पडून गेली हे खरं. मॉली नावाच्या गुलाम मुलीची जी गोष्ट सांगतात तिला मात्र कागदोपत्री ठोस आधार नाही. घर मात्र दिवसा बघण्यासारखं आहे, भुतांसाठी नाही, बांधणीसाठी.

मॉन्टेरी स्क्वेअरला मर्सर हाउस बाहेरून बघा, आणि मिकवे इझ्राएल हे ज्यूंचं सिनेगॉग चुकवू नका, गाव वसलं त्याच वर्षी ज्यू कुटुंबं इथे आली होती आणि इमारत चर्चसारखी गॉथिक. पुढे फोर्साइथ पार्क, १८५८ चं कारंजं, फोटो, सावली. गवतावर पसरा, पण झाडावरून खाली पडलेलं स्पॅनिश मॉस उचलून मुलांच्या गळ्यात घालू नका, त्यात चिगर नावाचे बारीक किडे असतात आणि आठवडाभर खाजवत बसाल. (ते मॉस नाही आणि स्पॅनिशही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे.)

दुपारी झोप काढा. चार वाजता कलोनियल पार्क सिमेट्री. हे कबरस्तान १७५० ते १८५३ पर्यंत वापरात होतं, नऊ हजारांवर माणसं इथे आहेत आणि दगड त्यामानाने अगदीच थोडे. सरळ पूर्वेकडच्या विटांच्या भिंतीपाशी जा. जागेवरून निखळलेले दगड तिथे भिंतीला लावून ठेवलेत, ओळीने, शाळेच्या फोटोला उभी केल्यासारखे. जवळ जाऊन वयं वाचा. काही ठिकाणी आकड्यात आकडा घुसवलाय, कुणी चारशेच्या वर वय होऊन वारलंय! शर्मनच्या सैनिकांनी इथे तळ ठोकला होता तेव्हा रिकामपणी हा उद्योग केला असं गावात सांगतात. मग १८२० च्या पीतज्वराची पाटी शोधा. त्या वर्षी जानेवारीत मोठी आग लागून निम्मं गाव गेलं आणि पाठोपाठ साथ येऊन जवळजवळ ७०० माणसं. तेव्हा डासांचा संबंध कुणाला माहीत नव्हता, लोक हवेला दोष देत होते. संध्याकाळी फाटक बंद होतं, म्हणून वेळेत जा. आणि हो, कुठलीही टूर तुम्हाला रात्री आत नेणार नाही, सगळे बाहेर कुंपणाशी उभं करून गोष्ट सांगतात.

दुसरा दिवस: जे घोस्ट टूरमध्ये नाही ते

सकाळी ओवेन्स-थॉमस हाउस. विल्यम जे या इंग्लिश आर्किटेक्टचं १८१९ चं घर, आत नळाचं पाणी, वरच्या मजल्यावर चक्क एक छोटा पूल. पण मी सांगेन की मागच्या गुलामांच्या खोल्यांत जास्त वेळ घालवा. तिथल्या छताला जुना निळा रंग अजून आहे. याला 'हेंट ब्लू' म्हणतात, हेंट म्हणजे भूत, गीची लोक (या किनाऱ्यावरच्या आफ्रिकन गुलामांचा समाज) नीळ, चुना आणि ताक वगैरे कालवून हा रंग करत आणि भुतं घरात येऊ नयेत म्हणून लावत. रंग सपाट नाही, ठिकठिकाणी उडालाय, मधे लाकूड दिसतं, ब्रशचे फटकारे दिसतात. ज्यांना रोज राबायचं होतं त्यांनी झोपायच्या जागेवर डोक्यावर हा निळा लावून घेतला होता. एवढ्या भूतकथा ऐकल्या, पण अंगावर काटा मला इथेच आला. तिकीट टेलफेअर म्युझियमचं असतं, त्याच तिकिटात त्यांची बाकीची ठिकाणंही होतात, जपून ठेवा.

तिथून फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बाप्टिस्ट चर्च. १८५९ ची इमारत, तिथल्याच कृष्णवर्णीयांनी उभी केलेली. तळघरातल्या फरशीत ठराविक नक्षीत भोकं पाडलेली आहेत, खाली लपलेल्या पळपुट्या गुलामांना हवा मिळावी म्हणून, असं चर्चचे गाईड सांगतात. टूरच्या वेळा ठरलेल्या असतात, आदल्या दिवशी बघून ठेवा.

त्याच वर्षी, मार्च १८५९ मध्ये, गावाबाहेरच्या रेसकोर्सवर दोन दिवस ४३६ माणसांचा लिलाव मांडला होता, मालकाची कर्जं फेडायला. दोन्ही दिवस पाऊस लागला होता, म्हणून त्याला 'वीपिंग टाइम' म्हणतात. भुतांच्या टूरमध्ये मी हे कधी ऐकलं नाही. टेलर स्क्वेअरचंही तेच, त्या भागाखाली गुलामांचं दफनस्थान होतं. चौकाला आधी गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं नाव होतं, ते काढून आता सूझी किंग टेलर या शिक्षिकेचं आणि युद्धात नर्स असलेल्या बाईचं दिलंय. टूरवाले याच चौकातल्या एका खाजगी घरापुढे उभे राहून खिडकीत चेहरा दिसतो म्हणतात, आणि ज्यावर आपण उभे आहोत त्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरी रात्र: घोस्ट टूर कशी निवडायची

चार प्रकार आहेत. पायी, ट्रॉलीतून, छत कापलेल्या शववाहिकेतून (हो, खरंच, त्यात बसून गावभर फिरवतात), आणि पब क्रॉल, म्हणजे एका बारमधून दुसऱ्यात. आईबाबांसाठी ट्रॉली. कॉलेजच्या मित्रांसाठी शववाहिका, भीती शून्य पण हसून पुरेवाट. पब क्रॉल २१ वर्षांवरच्यांनाच, आणि या गावात हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये प्लास्टिकच्या ग्लासात, १६ औंसांपर्यंत, दारू घेऊन रस्त्याने चालता येतं, काचेची बाटली मात्र चालत नाही. गोष्टी ऐकायच्या असतील तर पायीच. लहान ग्रुप घ्या, पंचवीस-तीस जणांच्या घोळक्यात मागे उभं राहून काही ऐकू येत नाही. रिव्ह्यू वाचताना "खूप घाबरलो" हे शब्द बघू नका, "गाईडला इतिहास माहीत होता" हे शोधा. शेवटी टिप द्यायची पद्धत आहे.

टूरवर प्रत्येक गोष्टीला मनातल्या मनात तीन प्रश्न विचारा: माणसाचं पूर्ण नाव काय, साल कुठलं, आणि हे कुठे लिहिलेलं आहे. नुसतं "एक नर्स", "एक लहान मुलगी", "एक बाई" असेल तर समजा फोडणी. शनिवारवाड्याचं कसं, नारायणरावांचा खून खरा, साल १७७३ खरं, आणि पौर्णिमेची हाक मागाहून लोकांनी जोडलेली, तसंच इथेही आहे. विचारायला लाजू नका, चांगला गाईड अशा प्रश्नांनी खुलतो.

तिसरा दिवस: बोनाव्हेंचर आणि किल्ला

बोनाव्हेंचर सिमेट्री आठ वाजता उघडते, आठलाच जा, प्रवेश फुकट. नदीकाठचा जुना मळा होता, पुढे कबरस्तान झालं, ओकच्या रांगा मळ्याच्या काळातल्या. ग्रेसी वॉटसनचा पुतळा सगळे शोधतात, हॉटेल मॅनेजरची सहा वर्षांची मुलगी, १८८९ मध्ये न्यूमोनियाने गेली, शिल्पकाराने फोटोवरून हुबेहूब घडवली. लोक तिथे खेळणी ठेवतात. कुंपण आहे, हात आत घालू नका. १९९४ साली गाजलेल्या एका पुस्तकाच्या कव्हरवरची 'बर्ड गर्ल' इथे नाही, गर्दीमुळे तिला टेलफेअर म्युझियममध्ये हलवलंय. कवी कॉनरड एकनची कबर म्हणजे बाक आहे, त्यावर बसलेलं चालतं.

तिथून टायबीच्या रस्त्यावर फोर्ट पुलास्की, नॅशनल पार्कचा पास चालतो. साडेसात फूट जाडीच्या विटांच्या भिंती, अभेद्य म्हणायचे, एप्रिल १८६२ मध्ये नव्या तऱ्हेच्या रायफल्ड तोफांनी तीस तासांत भगदाड पाडलं. भिंतीत रुतलेले गोळे अजून दिसतात. मराठी माणसाने इथे थोडं थांबावं, कारण हा किल्ला पडला आणि सव्हॅना बंदरातून कापूस जवळजवळ बंद झाला, दक्षिणेची बाकीची बंदरंही नाकेबंदीत होती, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी आणि भाव चढला तो आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं, १८६५ मध्ये इकडे युद्ध संपलं आणि तिकडे बाजार कोसळला, प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. त्या तेजीतल्या त्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. हे ऐकलं की इतिहासाचा कंटाळा असणारे सासरेही तोफेपाशी उभे राहून प्रश्न विचारतात.

पुढे टायबीचा दीपस्तंभ, १७८ पायऱ्या, आणि समुद्र. निघण्यापूर्वी भरतीची वेळ बघा, मोठ्या भरतीला हायवे ८० वर पाणी येतं आणि रस्ता बंद होतो.

खाणंपिणं, विशेषतः शाकाहारींसाठी

दक्षिणेत भाजी म्हणजे शाकाहारी असं समजू नका. कॉलर्ड ग्रीन्स, घेवड्याच्या शेंगा, बीन्स यात डुकराचं मांस घालून शिजवतात, रेड राइसमध्ये सॉसेज. "मीट नाही ना" असं विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून "पोर्क, हॅम, बेकन, चिकन स्टॉक काहीच नाही ना" असं सुटं सुटं विचारा. बिनधास्त खायचं तर चीज ग्रिट्स (मक्याच्या कण्यांची पेज), तळलेले हिरवे टोमॅटो (तेलाचं विचारा), तळलेली भेंडी, बिस्किट (आपलं नव्हे, मऊ पावासारखं). भेंडी इथे आफ्रिकेतून आली, आणि रस्त्याकडेला "बॉइल्ड पीनट्स" दिसले की गाडी थांबवा, त्या मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगाच आहेत, अगदी गरम. मासे खाणाऱ्यांनी श्रिम्प अँड ग्रिट्स आणि लोकंट्री बॉइल (कोळंबी, मका, बटाटे, सॉसेज एकत्र उकडलेलं) सोडू नये. १९१९ पासूनचं लिओपोल्ड्स आइस्क्रीम ब्रॉटन स्ट्रीटवर आहे, रांग रात्री नऊनंतर किंवा दुपारी उघडल्या उघडल्या कमी. जोन्स स्ट्रीटवरच्या मिसेस विल्क्समध्ये अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर पंगत बसते, मजा येते, पण शाकाहारींनी पैसे वाया घालवू नयेत. रिव्हर स्ट्रीटवर प्रालीन म्हणजे पिकान आणि साखरेची वडी चाखायला फुकट देतात.

रिव्हर स्ट्रीटला उतरायचे दगडी जिने उंच, अरुंद आणि झिजलेले आहेत, खालचा रस्ता जहाजांतून आलेल्या गोट्यांचा. टाचेच्या चपला, साडी आणि स्ट्रोलर तिघांचंही तिथे वाटोळं होतं, लिफ्ट आहे ती वापरा. बॅगेत बंद बूट, डासांचा स्प्रे (संध्याकाळी सँड नॅट नावाची चिलटं येतात, दिसत नाहीत पण चावतात), छत्री आणि आईबाबांच्या औषधांचा डबा. उकडलेल्या शेंगा घरी न्यायच्या असतील तर कूलर ठेवा, एका दिवसात आंबतात.